खाऱ्यात गोडं

रोज सकाळी तोंड धुतलं की वच्छलाबाई सिरसाट माठातून ओगराळंभर पाणी काढायच्या, त्यातला एक घोट तोंडात धरून क्षणभर थांबायच्या, आणि मग स्वतःशीच म्हणायच्या, “गोडं हाये.” अकोल्यात राहायला येऊन त्यांची निम्मी हयात सरली होती. कौलखेडच्या त्या घरात नळ चार दिवसांनी येवो की आठ, पाणी गोडंच यायचं. तरी त्यांची जीभ रोज नव्याने खात्री करून घ्यायची.

त्यांचं माहेर पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कपाशी कमरेएवढी, आणि विहिरीचं पाणी मात्र असं की डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. गोड्या पाण्याची विहीर गावात एकच, दुसऱ्या अंगाला. तिच्यावर वच्छलाबाईंच्या वस्तीतल्या बायकांनी स्वतः दोर टाकायचा नाही, असा गावाचा रिवाज. कडेला घागर मांडून बसायचं. कोणी ओतलं तर ओतलं. वच्छलाबाई आईच्या लुगड्याचा पदर धरून तिथे उन्हात बसलेल्या होत्या, आणि परत येताना घागरीतून एक थेंब हिंदकळला तरी आईची चापट त्यांनी खाल्ली होती.

पुढे त्या शिकल्या, आरोग्यसेविका झाल्या, एसटीत कंडक्टर असलेल्या सिरसाटांच्या घरी आल्या. सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी लसी टोचल्या. बाजारात एखादा मिशीवाला माणूस वाकून नमस्कार करायचा, तेव्हा त्या मुलीला म्हणायच्या, “याले मी टोचलं तं लय रडला व्हता. पाय आता, मिशा फुटल्या.”

ही मुलगी म्हणजे रश्मी. ती अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळच्या गाडीने यायची. वडील गेल्यापासून घरात दोघीच. थोरला भाऊ अश्विन पुण्याला.

गेल्या पावसाळ्यापर्यंत रश्मीला गाडीत झोप लागायची. मग एके दिवशी ती घरी आली तर दारात जळका वास, भांड्याच्या बुडाला काळा थर, आणि आई पुढच्या खोलीत शांतपणे तांदूळ निवडत बसलेली. दूध गॅसवर ठेवलंय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यानंतर काही दिवसांनी शेजारच्या शकुनताईंनी तिला पुढच्या चौकातून हाताला धरून आणलं. घराची गल्ली समोर होती आणि वच्छलाबाई तिच्या तोंडाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नुसत्या बघत होत्या.

अश्विनला कळलं तेव्हा त्याने फार आरडाओरडा केला नाही. तो एवढंच म्हणाला, “धम्मचक्र दिनाला मी येतोय. तोवर पुन्हा असं काही झालं तर तिला सोबत घेऊनच जाईन, रश्मी. दिवसभर ती एकटी असते. माझ्यापासून लपवायचं नाही हं काही.”

फोन स्पीकरवर होता. वच्छलाबाई ताटात भाकरी चुरत होत्या. त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

त्या दिवसापासून घरात भीती राहायला आली. आई गॅसची कळ फिरवून बघायची आणि परत जाऊन बघायची. रश्मी ते बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. गाडी बडनेरा सोडून पुढे निघाली की तिच्या डोळ्यांपुढे घराचं दार यायचं, कधी सताड उघडं, कधी आतून कडी लावलेलं, आणि दोन्ही वेळा ती तेवढीच घाबरायची.

समुद्रफूल आलं ते याच दिवसांत.

पुढच्या खोलीत रश्मीची खाऱ्या पाण्याची काचपेटी होती. समुद्र अकोल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, पण तिने तो घरात मांडला होता: विकतचं समुद्री मीठ गोड्या पाण्यात कालवून, मुंबईहून खडक आणून, वर्षभर त्या पाण्याला मुरू देऊन. त्यात दोन नारिंगी-पांढरे मासे होते. वच्छलाबाई त्यांना जोकर म्हणायच्या. या माशांना राहायला समुद्रफूल लागतं. ते दिसतं फुलासारखं, पण असतो जिवंत प्राणी: मांसल बोटांचा झुबका, मध्ये तोंड, खाली खडकाला चिकटणारा एकच पाय. रश्मीने ते कधीच सांगून ठेवलं होतं, आणि नेमकं आता विक्रेत्याचा फोन आला. ती नको म्हणणार होती. मग तिला वाटलं, आईला रोजचं एक लहानसं काम द्यावं. नीट पार पडलं तर अश्विनला दाखवता येईल.

हे तिने आईला सांगितलं नाही. आईला ते सांगावं लागलंही नाही.

पहाटे स्टेशनवरून थर्माकोलचा डबा आला. पिशवीत हातमोजा गोळा करून टाकावा तसं काहीतरी मातकट पडलेलं. वच्छलाबाईंनी चष्मा वर-खाली केला.

“हे फूल? मेलं हाये का वं हे?”

“घाबरलंय. प्रवास झाला ना.”

“मी पुण्याले गेली की अशीच होते,” वच्छलाबाई म्हणाल्या.

रश्मीने पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग बारीक नळीतून पेटीतलं पाणी थेंबथेंब तिच्यात सोडलं. नव्या पाण्याची ओळख हळूहळू पटली पाहिजे, एकदम टाकलं तर जीव जातो. दुपार होत आली तेव्हा तिने पंप बंद केले आणि ते फूल दोन खडकांमधल्या खाचेत अलगद बसवलं. ते लगेच कलंडलं. तिने पुन्हा बसवलं. शेवटी त्याच्या पायाने खडक धरला.

“आता त्याला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “जागा आवडली तर राहील. नाही आवडली तर चालत दुसरीकडे जाईल. भीती फक्त त्या पंपाची आहे.”

कोपऱ्यात लाटा करणारा पंप होता. त्याच्या तोंडावर बसवायची जाळी मुंबईहून यायची राहिली होती. चालताचालता फूल तिथे पोचलं तर आत खेचलं जाऊन चिंधड्या होतील, आणि त्याच्या विषाने मासेही मरतील. हे तिने आईला समजावून सांगितलं, आणि सांगताना आपला आवाज मोठा होतोय हे तिच्या लक्षात आलं.

“अवं, मी बहिरी नाही,” वच्छलाबाई म्हणाल्या. “इसरभोळी हावो.”

दोघी हसल्या. मग कोणीच हसेना.

काम सोपं होतं. ऑक्टोबरच्या उन्हाने पेटीतलं पाणी उडून खाली जायचं. काचेवर रश्मीने रेघ मारली होती. दुपारी रेघेपर्यंत पाणी भरायचं, पांढऱ्या कॅनमधलं गोडं. शेजारी निळा ड्रम होता. त्यात कालवून ठेवलेलं खारं पाणी असायचं, ते रश्मी स्वतः पाणी बदलायची तेव्हासाठी.

“खाऱ्यात गोडं टाकू?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“हो. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून गोडं. पांढरी कॅन. लक्षात राहील?”

“राहीन.”

कॉलेजात परीक्षा सुरू होत्या. रश्मी अंधार पडता यायची, फुलाकडे बघायची, जेवायची, पेपर तपासायची. पहिल्या दोन दिवसांत फूल थोडं उघडलं, बोटांच्या टोकांना फुगे आले, मासे लांबून त्याच्याकडे बघू लागले. मग ते मिटलं. रोज जास्त मिटत गेलं. तोंड सैल पडून उघडं राहायला लागलं. रश्मीने स्वतःची समजूत घातली की प्रवासाचा शीण असेल. “पाणी भरलंस ना?” ती विचारायची. “भरलं,” आई म्हणायची. रेघेला पाणी बरोबर लागलेलं असायचं.

शुक्रवारी सकाळी निघायच्या आधी तिने खारेपणा मोजायच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरला. तिने काच पुसली, पुन्हा थेंब टाकला. पाणी असायला हवं त्याच्या कितीतरी वर खारट झालं होतं.

तिने पांढऱ्या कॅनचं झाकण उघडलं. कॅन गळ्यापर्यंत भरलेली होती.

“आई,” ती शक्य तितक्या सहज म्हणाली, “पाणी कुठलं टाकत होतीस?”

वच्छलाबाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. “पांढऱ्या क्यानीतलंच,” त्या म्हणाल्या. “तूच सांगतलं ना.”

रश्मीने तांब्या उचलला. सगळं गोडं एकदम ओतून चालणार नव्हतं, उलट्या बाजूने तोच झटका बसला असता. तिने दोन तांबे पाणी हळूहळू सोडलं आणि बॅग उचलली.  आई रोज निळ्या ड्रमातून पाणी काढत होती आणि पांढऱ्यातून काढतोय असं समजत होती. दूध एकदा जळतं, गल्ली एकदा चुकते. पण हे रोज, आठवडाभर!

गाडीत तिने अश्विनला संदेश लिहायला घेतला. “आईचं जरा जास्तच वाटतंय.” एवढं लिहून ती खिडकीबाहेर बघत राहिली. संदेश तसाच राहिला. दिवसभर परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारताना तो खिशात जड लागत होता.

संध्याकाळच्या गाडीत बडनेऱ्याच्या पुढे फोन वाजला.

“रश्मे, फूल सुटलं.”

“कुठे आहे?”

“काचेवर. सरकून राहिलं बाई थे. पंपाकडं चाललं.”

“आई, नीट ऐक. पंप बंद कर. टेबलाखाली पांढऱ्या वायरी आहेत, त्यातली जाडी वायर. बारीक बुडबुड्यांची आहे. तिचा प्लग काढ.”

फोनमध्ये खुडबूड झाली. श्वास ऐकू आला. “दोघी सारख्याच दिसून राहिल्या. चुकीची काढली अन् जोकर मेले तं?”

“दोन्ही काढ! आई, लवकर...”

फोन बंद झाला.

रश्मीने परत लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण काय सांगून बसलो. पेटीपाशी फरशी कायम ओली असते. आईचे हात ओले असणार. टेबलाखाली वाकून, चष्मा घसरत, ओल्या बोटांनी ती प्लग चाचपत असणार.

तिने शकुनताईंना फोन केला. त्या हिवरखेडला लग्नाला गेल्या होत्या. मागे बँड वाजत होता. “अवं, काय झालं? जोरानं बोल!” त्या ओरडत राहिल्या. रश्मीने फोन ठेवला. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी थांबली. बाहेर तुरीचं शेत, त्याच्यावर मावळता उजेड, आणि सिग्नल लाल. समोरच्या सीटवरची बाई डब्यातला चिवडा पुढे करत म्हणाली, “घ्या ना मॅडम.” रश्मीला तिचा चेहरा दिसत होता, आवाज ऐकू येत नव्हता. फूल मेलं तर मरो, मासे मरोत, ती पेटी फुटून समुद्र रस्त्यावर वाहून जावो. तिने फक्त एवढं मागितलं की पलीकडून कोणीतरी हॅलो म्हणावं.

कोणी म्हटलं नाही.

अकोल्याला उतरून ती ऑटोत बसली तेव्हा दिवे लागले होते. गल्लीतल्या सगळ्या घरांत उजेड होता. त्यांच्या घरात नव्हता. दार सताड उघडं होतं.

“आई!”

आतून पाण्याचा आवाज येत होता. थोडं थांबून, पुन्हा थोडा. रश्मीने मोबाईलचा उजेड पाडला. वच्छलाबाई पेटीशेजारी स्टुलावर चढून उभ्या होत्या, पदर खोचलेला, दंडापर्यंत ओल्या. वाटीने पेटीतलं पाणी काढत होत्या आणि चहा गार करावा तसं वरून परत पेटीत सोडत होत्या.

“आली का? उजेड डोळ्यावर नको मारू.”

“आई, खाली उतर. आधी खाली उतर.”

“अन् मासे? त्यांचे बुडबुडे बंद हायेत ना. जीव घाबरते त्यांचा.”

“लाईट कुठे गेली?”

“मीच पाडली. मेन पाडला. त्या वायरींचा मले भरोसा नाही. मेन घरात एकच असते, थो काही चुकत नाही.”

“फोन का नाही उचललास?”

“फोन धरू का वाटी धरू?” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

रश्मीने त्यांना कमरेला धरून उतरवलं आणि तशीच धरून राहिली.  

फूल पंपाच्या तोंडाशी होतं. पायाने काच धरलेली, दोन-चार बोटं पंपाच्या फटीत ओढली गेलेली. बाकीचं शाबूत होतं. ओढून काढलं तर फाटेल, ते आपणहून सोडेल तेव्हाच सुटणार. रश्मीने लाटांच्या पंपाचा प्लग काढला, मेन लावला. पंखा फिरू लागला, पेटीत बुडबुडे उठले. दोघी समोर फरशीवर बसल्या. 

“रश्मे,” वच्छलाबाई पेटीकडे बघत म्हणाल्या, “पाणी मी खारंच टाकलं. निळ्यातलं.”

“माहीत आहे. कॅन भरलेली होती.”

“मंग सकाळी बोलली काहून नाही?”

“तू काहून नाही बोललीस?”

वच्छलाबाईंनी ओला पदर पिळला. “मी इसरली नव्हती, बाई. तुहं सारं ध्यानात व्हतं. रोज ती क्यान उचलली, झाकण काढलं, चाखून पायलं. इतकं गोडं पाणी... हात नाही झाला. आमच्याकडं खाऱ्यात कोणी गोडं ओतलं असतं तं मायनं घरात घेतलं नसतं त्याले. म्हटलं, खाऱ्यात खारं टाकलं तं काय बिघडते? मिठाचंच तं हाये दोनी.”

“मग खोटं कशाला बोललीस?”

“खरं सांगतलं असतं तं तू मानली असती?” त्या म्हणाल्या. “म्हातारी भुलली, अन् आता गोष्टी रचून सांगते, असंच म्हटलं असतं. अश्विनले फोन केला असता. केला का?”

“नाही.”

“मेसेज लिहिला व्हता?”

रश्मीने खिशातला मोबाईल चाचपला. मग म्हणाली, “अर्धा.”

वच्छलाबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रश्मीने मोबाईल काढून तो अर्धा संदेश पुसला आणि त्यांना दाखवला. त्यांनी चष्म्याशिवायच बघितल्यासारखं केलं.

जेवणाच्या वेळेला फुलाने पंप सोडला. दोन बोटं तुटून आतच राहिली. पुढचे काही दिवस ते मेल्यासारखं पडून होतं, आणि रश्मी रोज सकाळी वास घेऊन बघायची. सडका वास आला तर संपलं. तो आला नाही. पाणी थोडं थोडं करून ताळ्यावर आलं. वच्छलाबाई आता कॅनमधलं गोडंच टाकायच्या, पण ओतताना तोंड फिरवायच्या. जाळी आल्यावर पंप सुरू झाला, आणि एका दुपारी फूल पुन्हा चालायला लागलं. ते मोठ्या खडकाच्या मागे गेलं, भिंतीकडच्या अंधाऱ्या बाजूला, आणि तिथे पाय रोवून पूर्ण उमललं. समोरून काहीच दिसायचं नाही. बघायचं तर भिंतीला गाल लावून वाकावं लागायचं.

धम्मचक्र दिनाला अश्विन आला. पांढरा सदरा घालून तो मेळाव्याला जाऊन आला, आणि मग पेटीपुढे बसला.

“फूल कुठंय?”

“मांगं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “त्याले मिरवायची हौस नाही.”

आई आत गेल्यावर त्याने विचारलं, “काही झालं का?” रश्मीने सगळं सांगितलं. खारं पाणी, खोटं बोलणं, मेन, वाटी. पुसलेला अर्धा संदेशही वगळला नाही. “ती पुढे विसरणारच नाही असं मी म्हणत नाही, दादा. मलाही भीती वाटते. पण दुपारी शकुनताई येऊन बसतील, आणि संध्याकाळी मी. ती इथेच राहू दे.”

अश्विन काही म्हणणार, तोच आतून आवाज आला. “अन् पुण्यात तुमचा मेन त्या लिफ्टीपाशी असते, कुलपात. मी पायला हाये.”

तो हसला. मग त्याने डोळे पुसले, आणि आईसाठी आधीच काढून ठेवलेलं पुण्याचं तिकीट त्याने रद्द केलं.

थंडी आली, गेली. भीती गेली नाही. फक्त तिच्यासोबत घरातली कामं होऊ लागली. वच्छलाबाई कधी दिवस चुकायच्या, कधी शकुनताईंना त्यांच्या सासूच्या नावाने हाक मारायच्या. घराची वाट पुन्हा चुकल्या नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शकुनताईंचा फोन आला तेव्हा रश्मी वर्गात होती. वच्छलाबाई पुढच्या खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या, जुडी मांडीवर होती, आणि शकुनताईंनी हाक मारली तर त्यांनी ओ दिली नाही.

नंतर येणारं प्रत्येक माणूस रश्मीला विचारायचं, शेवटचं काय बोलल्या? अश्विननेही विचारलं. ती सांगायची ते ऐकून माणसं जरा वेळ वाट बघायची, पुढे आणखी काही असेल म्हणून. नव्हतं. त्या सकाळी रश्मी नेहमीसारखी उंबऱ्यात रेंगाळली होती, चप्पल पायात, बॅग खांद्यावर, आणि आई आतूनच ओरडली होती:

“जाय ना वं, गाडी चुकन. मी हावो घरी. अन् येतानी कोथिंबीर आनजो, इथली बासी असते.”